शासकीय औषधखरेदी आणि वैद्यांचा सल्ला : एका कायमस्वरूपी समितीची आवश्यकता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद वर्णिलेले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांतील प्रत्येक पादाचे चार गुणही तेथेच सांगितले आहेत. द्रव्य विपुल प्रमाणात उपलब्ध असावे, रोग व रोगी यांना योग्य असावे, त्यापासून अनेक कल्पना सिद्ध करता याव्यात आणि ते स्वगुणांनी संपन्न असावे, अशी ही चतुःसूत्री आहे. शासकीय निविदेच्या कागदावर मात्र या चारही गुणांना मागे सारून एक पाचवाच गुण श्रेष्ठ ठरतो, तो म्हणजे न्यूनतम दर. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार करावयाचा आहे आणि ती दूर करण्यासाठी राज्य पातळीवर एका सल्लागार समितीची मागणी आपण संघटितपणे का केली पाहिजे, हे मांडावयाचे आहे.

खरेदीची सद्यःस्थिती

महाराष्ट्रात आयुर्वेदीय औषधांचा शासकीय ग्राहक एकच नाही. शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालये, जिल्हा रुग्णालयांतील आयुष विभाग, जिल्हा परिषदांचे आयुर्वेदिक दवाखाने, काही महापालिका आणि २०१४ साली सुरू झालेले राष्ट्रीय आयुष अभियान अशा अनेक वाटांनी ही खरेदी होते. प्रत्येक वाटेचा निधी वेगळा आणि मागणीपत्र तयार करणारा अधिकारीही वेगळा. एकूण वैद्यकीय खरेदीचे केंद्रीकरण करण्याचा प्रयत्न राज्याने २०१७ साली केला आणि ते काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविले. त्या व्यवस्थेतील विलंबाविषयी तक्रारी वाढल्यावर २०२३ साली स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण अस्तित्वात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील मृत्यूंनंतर औषधखरेदी हा विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

या सर्व फेरबदलांत यंत्रणा बदलली, परंतु आयुर्वेदीय औषधाचे स्वरूप जाणणाऱ्या व्यक्तीला खरेदीच्या निर्णयात निश्चित स्थान मिळाले नाही. आधुनिक औषधाच्या निविदेत घटकद्रव्याचे नाव व मात्रा लिहिली की बहुतेक काम होते. पॅरासिटामॉल पाचशे मिलिग्रॅम म्हणजे काय, याविषयी कोणत्याही उत्पादकाच्या मनात संदेह नसतो. ‘महारास्नादी क्वाथ’ एवढेच लिहिले तर मात्र अनेक प्रश्न अनुत्तरित राहतात. कोणत्या ग्रंथाचा पाठ? रास्ना म्हणून कोणती वनस्पती? कारण रास्नेच्या नावाने देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात.

निविदेची भाषा आणि द्रव्याची ओळख

अशोकारिष्टाचे उदाहरण घ्यावे. खऱ्या अशोकाची साल दुर्मिळ झाली आहे. रस्त्याच्या कडेला शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या उंच, सरळ आसुपालवाची साल बाजारात अशोकाच्या नावाने खपते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. दारुहळदीची स्थिती याहून वेगळी नाही. गुग्गुळाचे झाड तर आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने अतिसंकटग्रस्त ठरविलेले आहे. अशा वेळी एखाद्या निविदेत गुग्गुळकल्पाचा दर त्यातील कच्च्या गुग्गुळाच्या बाजारभावाहूनही खाली येत असेल, तर त्या गोळीत काय आहे हे समजण्यासाठी प्रयोगशाळेचीही गरज नाही, साध्या त्रैराशिकाने ते कळते. तथापि खरेदी अधिकाऱ्याला हे त्रैराशिक मांडण्याचे ज्ञान नाही आणि त्यासाठी त्याला दोषही देता येणार नाही. त्याच्यासमोर दरांचा तुलनात्मक तक्ता असतो आणि पुढे लेखापरीक्षणाची टांगती तलवार असते. न्यूनतम दर नाकारण्याचे कारण त्याला कागदावर दाखवावे लागते, आणि ते कारण लिहून देणारा तज्ज्ञ त्याच्याजवळ नसतो.

आपल्या शास्त्राला आता मानदंडांची उणीव नाही. भारतीय आयुर्वेदिक फॉर्म्युलरीचा पहिला भाग १९७८ साली प्रसिद्ध झाला, आयुर्वेदिक फार्माकोपियाचे अनेक खंड उपलब्ध आहेत आणि उत्तम निर्मितीप्रक्रियेचे परिशिष्ट ‘टी’ २००० सालापासून लागू आहे. शिसे दहा, आर्सेनिक तीन, पारा एक आणि कॅडमियम शून्य दशांश तीन दशलक्षांश या जड धातूंच्या मर्यादाही सर्वज्ञात आहेत. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या सत्तर उत्पादनांपैकी चौदांत जड धातू आढळल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा उठलेल्या वादळात प्रामाणिक रसशाळाही भरडल्या गेल्या. पुढे २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधींना या चाचण्या बंधनकारक झाल्या. परदेशातील ग्राहकासाठी जी दक्षता घेतली जाते, तीच दक्षता तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या शेतमजुराच्या वाट्याला का येऊ नये?

काळाचे गणित

औषधाच्या वीर्यकाळाचा विचार आपल्या आचार्यांनी बारकाईने केला आहे. शार्ङ्गधरसंहितेनुसार चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होऊ लागते, गुटिका व अवलेह वर्षभर टिकतात, आसव व रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणवान होतात. आजच्या कायद्याने चूर्णाला दोन वर्षे आणि आसवारिष्टांना दहा वर्षे अशी मुदत दिली असली, तरी मूळ तत्त्व तेच आहे : प्रत्येक कल्पनेचे आयुष्य वेगळे.

शासकीय खरेदीला मात्र एकच ऋतू माहीत आहे, तो म्हणजे मार्च महिना. वर्षभर निधी अडकून राहतो, आर्थिक वर्ष संपता संपता तो मोकळा होतो आणि वर्षभराची चूर्णे, तेले, अवलेह एकाच खेपेत दाखल होतात. एका ग्रामीण दवाखान्यात काही काळ काम करीत असताना प्रस्तुत लेखकाने हे स्वतः पाहिले आहे. सितोपलादी चूर्णाची खोकी उन्हाळ्यात आली, पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत ओल लागून गोळे झाली आणि कास-श्वासाचे रुग्ण वाढले त्या हिवाळ्यात वैद्याच्या हाती उरली ती केवळ नोंदवही. रुग्णाला बाहेरची चिठ्ठी लिहून द्यावी लागली. ज्याला बाहेरून औषध घेणे परवडत नाही म्हणून तो शासकीय दवाखान्यात येतो, त्यालाच आपण पुन्हा बाजारात पाठवितो. तो परत आला नाही, तर त्याने आयुर्वेदाकडे पाठ फिरविली असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

इतर राज्यांचा अनुभव

या प्रश्नाची उत्तरे अन्यत्र शोधली गेली आहेत. तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. मर्यादित औषधसूची, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत चाचणी आणि प्रत्येक रुग्णालयाला आपल्या निधीचा हिशेब दाखविणारे पासबुक ही त्या व्यवस्थेची चार अंगे होत. प्रयोगशाळेला उत्पादकाचे नाव कळू नये म्हणून नमुने सांकेतिक क्रमांकाने पाठविले जातात. साधीच युक्ती, पण तिने पक्षपाताला मोठाच पायबंद बसतो. दिल्ली राज्याने १९९४ च्या औषधधोरणात डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या मार्गदर्शनाखाली तज्ज्ञांकरवी अत्यावश्यक औषधांची यादी ठरवून घेतली आणि द्विलिफाफा पद्धतीने गुणवत्ता आधी, दर नंतर असा क्रम लावला. केरळमध्ये त्रिशूरची ‘औषधी’ ही शासकीय कंपनी राज्यातील आयुर्वेद रुग्णालयांना औषधे पुरविते. आपल्याकडेही नांदेड येथे शासकीय आयुर्वेदिक व युनानी रसशाळा आहे. तिच्या क्षमतेचा पूर्ण उपयोग कसा करावा, याचा विचारही याच संदर्भात व्हावयास हवा.

द्विलिफाफा पद्धत आपल्या राज्याच्या खरेदी नियमांतही आहे. उणीव आहे ती पहिल्या लिफाफ्यातील तांत्रिक अटी जाणकारांकडून लिहून घेण्याची.

समितीची रचना व अधिकार

म्हणून अशी मागणी करावी की खरेदी प्राधिकरणाला साहाय्यभूत अशी आयुर्वेदीय औषधखरेदी सल्लागार समिती शासन निर्णयाद्वारे कायमस्वरूपी स्थापन व्हावी. तिची रूपरेषा पुढीलप्रमाणे असू शकेल.

१. सदस्यांत रसशास्त्र व भैषज्यकल्पना, द्रव्यगुण आणि कायचिकित्सा या विषयांचे अनुभवी अध्यापक, जिल्हा परिषद दवाखान्यांत प्रत्यक्ष काम करणारे किमान दोन वैद्यकीय अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचा प्रतिनिधी, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि लेखा विभागाचा अधिकारी असावा.

२. समितीने राज्याची अत्यावश्यक आयुर्वेदीय औषधसूची तयार करावी व दर दोन वर्षांनी ती सुधारावी. सूची ग्रंथोक्त कल्पांची असावी. विशिष्ट उत्पादकाच्या नाममुद्रेला तीत स्थान नसावे.

३. प्रत्येक कल्पासाठी संदर्भग्रंथ, घटकद्रव्यांची शास्त्रीय ओळख, ग्राह्य प्रतिनिधी द्रव्ये, चाचण्या, वेष्टन आणि पुरवठ्याच्या वेळी शिल्लक असावयाची किमान मुदत समितीने लिहून द्यावी.

४. कच्च्या द्रव्यांच्या बाजारभावावरून प्रत्येक कल्पाचा वाजवी किमान खर्च काढावा. त्याखालील दर आल्यास उत्पादकाकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय तो स्वीकारला जाऊ नये.

५. पुरवठा वर्षातून तीन किंवा चार टप्प्यांत, ऋतू व कल्पनेचा वीर्यकाळ पाहून व्हावा.

६. दवाखान्यांतून आलेल्या तक्रारींची समितीने तिमाही छाननी करावी आणि तिच्या शिफारशी, तसेच त्या फेटाळल्या गेल्यास त्याची कारणे, सर्वांना पाहता येतील अशी प्रसिद्ध व्हावीत.

अखेरचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. सल्ला बंधनकारक नसला तरी चालेल, परंतु तो नाकारण्याचे कारण लिहावे लागले की नाकारणाऱ्याचा हात आपोआप जपून चालतो.

आपल्यातील हितसंबंध

येथे रसशाळा चालविणाऱ्या वाचकबंधूंशी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. या समितीवर उत्पादकांचे प्रतिनिधी असावेत, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि ज्याला निविदा भरावयाची आहे, त्याने निविदेच्या अटी ठरविण्याच्या बैठकीत मतदान करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र परंतु ठाम मत आहे. उत्पादकांचे म्हणणे समितीने निमंत्रण देऊन ऐकावे, त्याची नोंद करावी आणि निर्णय त्यांच्या अनुपस्थितीत घ्यावा. सदस्यांनीही आपले वा निकटच्या नातलगांचे व्यावसायिक संबंध दरवर्षी लेखी जाहीर करावेत.

यात रसशाळांचे अहित नाही, उलट हितच आहे. आज चोख माल वापरणारी लहान रसशाळा दराच्या शर्यतीत हरते. उलाढालीच्या अवाजवी अटींमुळे ती अनेकदा निविदेच्या दारातच अडते आणि आत शिरलीच तर देयक मिळण्यासाठी महिनोन् महिने ताटकळते. केंद्र शासनाने २०१२ च्या धोरणाने आपल्या खात्यांच्या खरेदीत सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी वाटा राखून ठेवला आहे. राज्यातही लहान रसशाळांना परवडतील अशा विभागवार निविदा आणि देयकाची निश्चित मुदत यांची शिफारस समिती करू शकेल. गुणवत्तेची अट सर्वांना समान झाली, की चोख काम करणाऱ्याला स्पर्धेची भीती उरत नाही.

आक्षेप आणि उत्तर

‘आणखी एक समिती कशाला?’ असे विचारले जाईल. समित्यांचे अहवाल कपाटांत धूळ खात पडतात, हा अनुभव खोटा नाही. परंतु त्या समित्या बहुधा एकदाच अहवाल देऊन विसर्जित होणाऱ्या असतात. येथे अभिप्रेत असलेली समिती खरेदीच्या दैनंदिन प्रक्रियेतील एक पायरी असेल : तिने लिहून दिलेल्या तांत्रिक अटींशिवाय निविदा प्रसिद्धच होऊ नये. यामुळे विलंब होईल, हा दुसरा आक्षेप. अटी एकदा तयार झाल्या की त्या दरवर्षी वापरता येतात, त्यामुळे खर्ची पडेल तो वेळ पहिल्या वर्षाचा. दर वाढतील, हा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. खऱ्या अशोकाच्या सालीचे अरिष्ट आसुपालवाच्या सालीच्या काढ्याहून महाग पडणारच. पण दुसऱ्यावर खर्च झालेला रुपया वाचलेला नसतो, तो वाया गेलेला असतो.

आपले कर्तव्य

शासनाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या हाती काही साधने आहेत, ती वापरू या. शासकीय सेवेतील वैद्यांनी प्रत्येक खेपेची तारीख, शिल्लक मुदत, औषधाची स्थिती आणि रुग्णांचा अनुभव यांची नोंद ठेवावी. जिल्हा शाखांनी या नोंदी वर्षातून एकदा संकलित कराव्यात. रसशाळाचालकांनी आपल्या प्रमुख कल्पांचा खर्चाचा तक्ता निःसंकोचपणे पुढे ठेवावा. असे दोन-तीन जिल्ह्यांचे जरी संकलन सिद्ध झाले, तरी मंत्रालयात निवेदन देताना आपल्या हाती केवळ गाऱ्हाणे राहणार नाही, पुरावा असेल.

चार पादांपैकी भिषक् हा मुख्य मानला गेला आहे, कारण उरलेल्या तिघांना जाणण्याची व योजण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. द्रव्य कोणते यावे हे ठरविताना त्यालाच विचारले जात नसेल, तर ते स्थान त्याने मागून घेतले पाहिजे. या विषयावर आपल्या शाखेच्या पुढील सभेत चर्चा व्हावी आणि तिचा ठराव मध्यवर्ती कार्यालयाकडे यावा, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती.