पहाटे चारची सौरज्वाला

२३ फेब्रुवारी २०२४, पहाटेचे चार वाजून चार मिनिटे. बीडवर रात्र होती. जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांची तिकडे फडाकडे निघायची ही वेळ. नेमक्या त्याच मिनिटाला सूर्यावरचा एक स्फोट शिगेला पोहोचला. त्याची नोंद झाली एक्स ६.३ या वर्गात. सौरज्वालांची प्रतवारी त्यांच्यातून येणाऱ्या क्ष-किरणांवरून ठरते. ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एक्सच्या पुढे अक्षरच ठेवलेले नाही, म्हणून तिथून नुसते आकडे वाढवत न्यायचे.

भारतातल्या जमिनीवरून ही ज्वाला दिसणे शक्य नव्हते. दिवस असता तरी तिचे क्ष-किरण इथे पोहोचले नसते, कारण आपले वातावरण ते वरच्या वरच गिळून टाकते. आपल्या जिवाच्या दृष्टीने हे उत्तमच, पण सूर्याचा अभ्यास करणाऱ्याची त्यामुळे अडचण होते. त्याला यंत्र वर पाठवण्यावाचून गत्यंतर नाही. १९४० च्या दशकाअखेरीस अमेरिकेने जर्मनांकडून मिळालेल्या व्ही-२ रॉकेटांवर उपकरणे चढवली, तेव्हा सूर्य क्ष-किरण सोडतो हे पहिल्यांदा कळले. मात्र रॉकेट काही मिनिटांत खाली येते, आणि ज्वाला कधी उठेल याचा नेम नसतो. पाळत ठेवायला उपग्रहच हवा.

आपला असा उपग्रह म्हणजे आदित्य-एल१. २ सप्टेंबर २०२३ ला तो श्रीहरिकोट्याहून निघाला आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर आपल्या जागी स्थिरावला. तिथे ना ग्रहण ना रात्र. सूर्य अष्टौप्रहर समोर. त्याच्यावरच्या सात उपकरणांपैकी दोन क्ष-किरणांसाठी आहेत, सोलेक्स आणि हेलिओस. दोन्ही बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने घडवली.

या दोघांना चित्र काढता येत नाही. अख्खा सूर्य त्यांना एक ठिपका. पत्र्याखाली बसलेला माणूस थेंब न बघता पावसाचा जोर सांगतो, तसा यांचा कारभार. क्ष-किरणाचा एकेक कण शोधकावर आदळला की त्यातून विद्युतभार सुटतो, आणि तो भार मोजून कणाची ऊर्जा समजते. सोलेक्स मृदू क्ष-किरण मोजते, २ ते २२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे. त्यात सिलिकॉनचे दोन शोधक आहेत. एकाचे तोंड ७.१ चौरस मिलिमीटरचे, दुसऱ्याचे अवघे ०.१. सूर्य शांत असताना मोठे तोंड कामाला येते. एक्स वर्गाची ज्वाला उठली की मोठ्याला कणांचा लोंढा आवरत नाही, मग लहान तोंडाच्या शोधकाची मोजणी धरायची. इतका साधा तोडगा मला तरी फार आवडतो. हेलिओस त्यापुढचे, दीडशे किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे कठीण क्ष-किरण टिपते.

ज्वाला कशी पेटते हे या दोघांचे आलेख शेजारी ठेवले की उमगते. सूर्यावरच्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात, तेव्हा इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने खालच्या दाट थरावर आदळतात. त्या आदळण्यातून कठीण क्ष-किरण निघतात, म्हणून हेलिओसच्या आलेखावर एकामागून एक टोकदार सुळके उठतात. त्या माराने तिथला वायू एक कोटी अंशांच्याही पुढे तापून वर चढतो आणि मृदू क्ष-किरण सोडू लागतो, म्हणून सोलेक्सची रेषा सावकाश चढते आणि त्याहून सावकाश उतरते.

पण सूर्यावर हे नेमके कुठे घडले? त्याचे उत्तर पुण्याकडे आहे. गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलसंस्थेने आदित्यसाठी ‘सूट’ नावाची अतिनील दुर्बीण तयार केली, ए. एन. रामप्रकाश आणि दुर्गेश त्रिपाठी हे तिचे प्रमुख. ती २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत, अकरा गाळण्यांमधून पूर्ण सूर्यबिंबाची चित्रे घेते. त्या पहाटे सूटने ज्वालेचा गाभा सूर्याच्या खालच्या थरांत उजळताना टिपला आणि त्याच वेळी क्ष-किरणांच्या नोंदींत वरच्या प्रभामंडलाचे तापमान चढत होते. खालचे उजळणे आणि वरचे तापणे यांचा मेळ असा थेट दिसला. निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

महाराष्ट्राचा या कामाशी संबंध त्याआधीचा आहे. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेचा सहभाग असलेले आरटी-२ हे उपकरण ३० जानेवारी २००९ ला रशियाच्या कोरोनास-फोटॉन उपग्रहातून गेले. नशीब असे की सूर्य तेव्हा कधी नव्हे इतका थंडावला होता, आणि ते वर्ष सरता सरता उपग्रहाची वीजच गेली. कष्ट मात्र वाया गेले नाहीत. आरटी-२ मधल्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या शोधकांचा अनुभव २०१५ च्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाला उपयोगी पडला. त्याच जातीचे स्फटिक आज हेलिओसमध्ये आहेत.

आदित्य आता सौरवादळाची आगाऊ वर्दी देणार, असे बातम्यांत सर्रास छापून येते. त्यात अर्धेच तथ्य आहे. क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात. पंधरा लाख किलोमीटर पुढे उभ्या असलेल्या उपग्रहाला ते पृथ्वीपेक्षा जेमतेम पाच सेकंद आधी मिळतात. पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला लघुलहरींचा रेडिओ बंद पडायचा तो पडतोच. ज्वालेबरोबर कधीकधी फेकला जाणारा वायूचा लोट मात्र पोहोचायला साधारण एक ते तीन दिवस घेतो, आणि खरी सवड मिळते ती तिथे.

इस्रोने आदित्यच्या नोंदी ६ जानेवारी २०२५ पासून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. बीडच्या बलभीम किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नाव नोंदवावे, २२ फेब्रुवारी २०२४ ची सोलेक्सची फाइल उतरवून घ्यावी आणि आलेख स्वतः काढून बघावा. तारीख २२ च घ्यायची, कारण नोंदी जागतिक वेळेत असतात. शिखर तिथे रात्री दहा वाजून चौतीस मिनिटांना सापडेल.