उतरावें केव्हां?

वाचकहो, आमची सारी हयात खडूच्या धुळींत गेली. मास्तर चुकला तर फळा पुसतां येतो व दुसऱ्या दिवशीं तोच पाठ पुन्हां घेतां येतो. म्हणून मास्तरानें केव्हां थांबावें, हा प्रश्न कोणी फारसा गंभीरपणें विचारीत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं विमानाचें सुकाणूं असतें, त्याची चूक पुसण्यास फडकें नाहीं. अशा माणसाची साठी जवळ आली म्हणजे त्यानें उतरावें कीं उडत राहावें, हा प्रश्न सरकारांना आणि त्याहून अधिक त्या वैमानिकांना आज कित्येक वर्षें छळीत आला आहे. त्याचा विचार करूं लागल्यावर आम्हांस तो एकट्या वैमानिकांचा वाटेनासा झाला, म्हणून हा लेख.

प्रथम कायद्याचें पाहूं. प्रवासी कंपनीच्या वैमानिकानें ६० वर्षें पुरीं होतांच चालकाची जागा सोडावी, असा नियम अमेरिकेनें १९५९ सालीं केला व तो १९६० पासून अमलांत आला. उडत असतां एकाएकीं हृदयविकाराचा झटका आला तर काय, हें भय त्यामागें होतें. पुढें वैद्यकीय तपासणीचीं साधनें सुधारलीं आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेनें २००६ सालीं ही मर्यादा ६५ वर नेली. मात्र दोघां चालकांपैकीं एक तरी साठीच्या आंतला असावा, अशी अट घातली. तीहि २०१४ सालीं निघाली. अमेरिकेनें २००७ सालीं ६५ चा आंकडा स्वीकारला. भारतांतील प्रवासी विमानसेवेसहि तोच लागू आहे. अमेरिकेंत ६७ ची मागणी झाली, पण २०२४ च्या कायद्यांत ती मान्य झाली नाहीं. उलट, स्वतःचें लहान विमान हौसेनें उडविणाऱ्या तेथील नागरिकास वरची वयोमर्यादाच नाहीं. त्यानें केव्हां थांबावें हें बव्हंशीं त्याच्यावरच सोपविलेलें आहे.

आंकड्याचा गुण हा, कीं तो कोणाचें तोंड पाहत नाहीं. आणि त्याचा दोषहि हाच. १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंत आल्फ्रेड हेन्स यांच्या विमानाचें शेपटीकडील एंजिन फुटलें व सुकाणूं हलविणारी सारी यंत्रणा निकामी झाली. उरलेल्या दोन एंजिनांचा जोर कमीजास्त करीत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलें. २९६ पैकीं १८४ जीव वांचले. हेन्स तेव्हां ५७ वर्षांचे होते. १५ जानेवारी २००९ रोजीं पक्षी आदळून दोन्ही एंजिनें गमावलेलें विमान न्यूयॉर्कजवळ हडसन नदीच्या पाण्यावर उतरविणारे चेस्ली सलेनबर्गर हेहि ५७ वर्षांचेच. विमानांतील सर्वच्या सर्व १५५ माणसें सुखरूप बाहेर आलीं. मुरलेल्या अनुभवाचें मोल याहून निराळ्या शब्दांत सांगावयास नको.

परंतु दोघे निवृत्त झाले ते निरनिराळ्या वाटांनीं. हेन्स यांना १९९१ सालीं साठी भरतांच नियमानें उतरावें लागलें. सलेनबर्गर यांना ६५ पर्यंत मुभा होती. तरी २०१० च्या मार्च महिन्यांत, ५९ व्या वर्षीं, ते आपण होऊन निवृत्त झाले.

वय काय नेतें व काय ठेवतें, याचा शोध शास्त्रज्ञांनींहि घेतला आहे. अंधारांत दिसावयास डोळ्यांस अधिक प्रकाश लागतो. कानीं पडलेले आंकडे क्षणभर मनांत धरून ठेवणें कठीण होतें. अमेरिकेंत ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांची कृत्रिम विमानकक्षांत तीन वर्षें वारंवार परीक्षा घेऊन तिचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. वडीलधारे प्रारंभीं कमी पडले. पण पुढील परीक्षांत त्यांची घसरण तरुणांपेक्षां कमी दिसली, आणि ज्यांचें शिक्षण व अधिकार मोठा त्यांची कामगिरी अधिक टिकली. म्हणजे वय खरें, पण विद्याहि खरी.

मग परीक्षकावर निर्णय सोपवावा काय? येथें बॉब हूवर यांची कथा आठवते. १९४७ सालीं चक ईगर यांनीं ध्वनीचा वेग ओलांडला, तेव्हां हूवर सोबतच्या विमानांत होते. दोन्ही एंजिनें बंद करून विमानाच्या कसरती करण्यांत त्यांचा हातखंडा होता. १९९२ सालच्या एका प्रदर्शनानंतर दोन सरकारी निरीक्षकांनीं त्यांच्याविषयीं शंका घेतली आणि १९९३ सालीं, बुद्धीचे व्यापार मंदावल्याच्या कारणावरून, त्यांचा वैद्यकीय दाखला काढून घेण्यांत आला. हूवर तेव्हां सत्तरी ओलांडलेले. ते वर्षानुवर्षें झगडले. मध्यंतरीं ऑस्ट्रेलियानें त्यांस उडण्याची परवानगी दिली व १९९५ सालीं अमेरिकेनेंहि दाखला परत केला. त्यानंतर कांहीं वर्षें उडून त्यांनीं प्रदर्शनें थांबविलीं. २०१६ सालीं, ९४ व्या वर्षीं, ते वारले.

आपल्याकडील उदाहरण जे. आर. डी. टाटा यांचें. १९३२ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं कराचीहून टपाल घेऊन मुंबईस विमान आणलें. त्या घटनेस ५० वर्षें झालीं तेव्हां, १९८२ सालीं, ७८ वर्षांच्या टाटांनीं तोच मार्ग लहानशा विमानांतून एकट्यानें पुन्हां आक्रमिला. मात्र पाठीमागें शेंकडों उतारू बसवून रोज उडणें निराळें आणि स्वतःचाच जीव पणास लावून एक दिवस उडणें निराळें, हा विवेक विसरतां कामा नये.

मनुस्मृतींत गृहस्थानें वनांत केव्हां जावें हें सांगतांना आंकडा दिलेला नाहीं. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवाचें मुख, हीं लक्षणें सांगितलीं आहेत. कायदा आंकडा पाहतो, शास्त्र लक्षणें पाहावयास सांगतें. पण आपलीं लक्षणें आपणांस दिसतात काय?

येथें आमचीच गोष्ट सांगितली पाहिजे. ५८ व्या वर्षीं आम्ही निवृत्त होणार होतों. शाळेनें आणखी दोन वर्षें शिकविण्याविषयीं विचारलें होतें, आणि आम्हीं मनांत होकार ठरविला होता. वाणी स्वच्छ होती, शब्दरूपें मुखोद्गत होतीं. एके रात्रीं पान वाढतांना सौ. हळूच म्हणाली, "अहो, रागावूं नका. शेजारचा मुलगा म्हणत होता, गुरुजी या महिन्यांत तीनदां कालचाच पाठ आज शिकवूं लागले." आम्हीं दुसऱ्या दिवशीं वर्गांत विचारलें. मुलें माना खालीं घालून बसलीं. आदरापोटीं कोणी बोललें नव्हतें. ज्या स्मृतीनें आम्ही स्वतःस पारखीत होतों, तीच तर गळूं लागली होती! आम्हीं शाळेस नकार कळविला. त्या रात्रीं जेवण गेलें नाहीं, हेंहि लपवीत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच. आंकडा अपुरा, परक्याची शंका चुकीची असूं शकते आणि स्वतःची ग्वाही सर्वांत कच्ची. ज्यानें उडावयाचें त्यानें आपला साक्षीदार अगोदरच, बुद्धि शाबूत असतां, नेमून ठेवावा. तो एखादा जुना शिक्षक असेल, सहचालक असेल किंवा पत्नी असेल. "तुम्ही सांगाल त्या दिवशीं मी वाद न घालतां थांबेन," असें वचन त्यास द्यावें. दरवर्षीं परीक्षकास शेजारीं बसवून उडावें. आधीं रात्रीचें उड्डाण सोडावें, मग ढगाळ हवेंतलें, मग एकट्याचें.

आपली भाषा या वयास 'उतारवय' म्हणते. उतरणें म्हणजे पडणें नव्हे. कुशल वैमानिक उतरतो तो टांकींत इंधन व डोळ्यांपुढें धावपट्टी असतांना. सौ.नें त्या रात्रीं सांगितलें म्हणून आम्हीहि तसेच उतरलों. तिचे उपकार मात्र आम्हीं अद्याप तोंडानें मानलेले नाहींत. या लेखानें तें राहिलेलें काम पुरें होवो.