ऐकू येते, पण समजत नाही
दूरदर्शन संचाचा आवाज आणि घरातले कान

बालरोगतज्ज्ञाने दूरदर्शन संचाच्या आवाजाविषयी लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. परंतु बाळाच्या खोकल्याची हकीकत सांगून झाली की एखादी सून हळूच विचारते, "डॉक्टरसाहेब, आमचे बाबा टीव्ही फार मोठ्याने लावतात. बाळाच्या कानांना काही होणार नाही ना?" शेजारी बसलेल्या सासूबाई लगेच पुस्ती जोडतात, "मोठ्याने लावूनही त्यांना समजत कुठे? दर दोन मिनिटांनी मलाच विचारतात, काय म्हणाला तो?" माझ्या मते या दोन वाक्यांत सारा विषय आला. घर आवाजाने त्रस्त आहे, आणि ज्यांच्यासाठी तो वाढवला त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचतच नाहीत.

साप, ताप, थाप, शाप, काप, माप हे शब्द एकापाठोपाठ उच्चारून पाहावेत. मधला 'आ' सर्वांत तोच. स्वर जोरकस असतात व त्यांची बहुतेक ऊर्जा साधारण १००० हर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात असते. शब्द कोणता हे मात्र पहिले व्यंजन ठरवते, आणि स, श, त, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख २००० ते ८००० हर्ट्झच्या उंच पट्ट्यातल्या क्षीण ध्वनींत दडलेली असते. वय वाढते तशा अंतःकर्णातील केशपेशी झिजतात, आणि नेमक्या उंच स्वरांच्या पेशी प्रथम जातात. मग आजोबांना 'आप' स्पष्ट ऐकू येते. साप की ताप, हे अंदाजावर सोडावे लागते. (आमच्या व्यवसायात हा फरक बराच महत्त्वाचा आहे!)

अशा वेळी रिमोटवरून आवाज वाढवला की सर्वच वाढते. स्वर व पार्श्वसंगीत आधीच पुरेसे असतात, ते आता दणदणू लागतात. आणि खर्जातले मोठे ध्वनी उंच पट्ट्यातल्या बारीक ध्वनींना झाकून टाकतात, हा श्रवणाचा नियमच आहे. त्यात आणखी एक गुंतागुंत. अंतःकर्ण क्षीण झालेल्या व्यक्तीला हळू आवाज ऐकू येत नाही, परंतु थोडा वाढताच तोच असह्य होतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ याला रिक्रूटमेंट म्हणतात. म्हणून जे आजोबा "आवाज वाढव" म्हणतात, तेच जाहिरात लागताच "कान फाटले" म्हणून ओरडतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना हट्टी ठरवण्यापूर्वी घरच्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात याला व्यवसायाचीही जोड आहे. भरवेलीची मँगनीज खाण, मलाजखंडची तांब्याची खाण, गावोगावच्या राईस मिल. अशा ठिकाणी ज्यांची उमेद गेली, त्यांच्या श्रवणालेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा आढळला तर नवल नाही. गोंगाटाने होणाऱ्या बहिरेपणाची ती खूणच आहे. या मंडळींना पन्नाशीतच सत्तरीचे कान लाभतात.

दोष केवळ कानांचा मात्र नाही. पूर्वीच्या जाडजूड संचात ध्वनिक्षेपक बहुधा पुढच्या बाजूस, प्रेक्षकाकडे तोंड करून असे. आजच्या सडपातळ संचात त्याला जागाच उरलेली नाही. तो खाली किंवा मागे तोंड करून बसवतात आणि आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. उंच पट्ट्यातले ध्वनी सरळ रेषेत जाणारे, म्हणून या वळशात व्यंजनेच अधिक हरवतात. चित्रपटांचे ध्वनिमिश्रण चित्रपटगृहासाठी केलेले असते. पाच-सहा ध्वनिक्षेपकांच्या रचनेत संवाद मधल्या क्षेपकातून येतात. तेच सारे घरच्या दोन लहान क्षेपकांत कोंबले की संवाद इतर कल्लोळात दबतात. आणि आपल्या मालिकांविषयी काय बोलावे! सासूने चहाचा कप उचलला तरी ढोल वाजतो.

घरेही बदलली. कवेलूंच्या छपराखाली, मातीच्या भिंती आणि खाटेवरच्या गोधड्या आवाज शोषून घेत. आता सिमेंटचा स्लॅब, गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. प्रत्येक शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर येऊन पडतो. वर पंखा, आणि मे महिन्यात खिडकीतला कूलर. जाड पडदे, सतरंजी, गादीची बैठक यांनी फरक पडतो, असा माझ्या स्वतःच्या घरचा अनुभव आहे; कूलर मात्र बालाघाटच्या उन्हाळ्यात कोणाला बंद करा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. खुर्ची त्याच्यापासून लांब, संचाजवळ सरकवावी.

सर्वांत स्वस्त व गुणकारी उपाय अंतराचा आहे. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोताचे अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीत परावर्तनामुळे एवढा लाभ होत नाही, पण थेट येणाऱ्या ध्वनीचा वाटा वाढतो, आणि स्पष्टता त्यावरच अवलंबून असते. संचाच्या हेडफोनच्या जागेतून तार काढून एक लहान स्पीकर आजोबांच्या खुर्चीशेजारी ठेवला, तर संचाचा आवाज कमी ठेवूनही त्यांना शब्द कळतात. बिनतारी ब्लूटूथ साधनांत कधीकधी आवाज ओठांच्या मागे पडतो, म्हणून तारेचेच बरे.

त्यानंतर संचाच्या 'साउंड' विभागात जावे. 'क्लिअर व्हॉइस', 'स्पीच' किंवा 'न्यूज' अशा नावाचा पर्याय असल्यास तो निवडावा. 'सराउंड' बंद करावे. इक्वलायझर असल्यास १०० व ३०० हर्ट्झच्या पट्ट्या खाली व ३००० हर्ट्झची थोडी वर न्यावी. आवाज पातळ वाटेल. संगीतप्रेमींनी नाके मुरडली तरी शब्द सुटे होतील. सेट-टॉप बॉक्समध्ये ध्वनी 'स्टिरिओ' वा 'पीसीएम'वर ठेवून पाहावा. 'ऑटो व्हॉल्यूम'ने जाहिरातींचा धक्का कमी होतो. जाहिरातींचा दृश्य व श्राव्य भाग अवाजवी मोठा नसावा, असे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ सांगतात. प्रत्यक्षात आपले बोट रिमोटवरच असते.

कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठही वाचत असतो. दाक्षिणात्य चित्रपटाच्या हिंदी रूपांतरात ओठ एक बोलतात आणि ध्वनी दुसरे, त्यामुळे तो आधारही जातो. तेथे अक्षरे मदतीस येतात. श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम सुगम करण्याची मानके केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केली आहेत. जेथे शीर्षकांची सोय असेल तेथे ती अवश्य सुरू करावी. लिपी एकच असल्याने आपल्याकडची मराठी शाळेत शिकलेली आजी हिंदी शीर्षकेही सहज वाचते.

एवढे करूनही शब्द कळत नसतील तर कान तपासावेत. पुष्कळदा मळाचा खडा निघतो आणि घरात शांतता नांदते. तसे नसेल तर श्रवणालेख काढून श्रवणयंत्राचा विचार करावा. चष्म्याला जशी लाज नाही तशी यालाही नसावी.

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळतो. घरच्या संचाच्या नेहमीच्या आवाजाने बाळाच्या कानास इजा होण्याची शक्यता अल्प आहे. इजा होते ती भाषेला. दिमित्री क्रिस्टाकिस व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, ऐकू येणाऱ्या दूरदर्शनच्या प्रत्येक तासामागे बालकाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने घटलेले आढळले. संच बोलू लागला की माणसे गप्प होतात, हे सांगण्यास अभ्यास कशाला, असे कोणी म्हणेल. पण आकडा पाहिल्यावर मी चपापलो. शिवाय गोंगाटातून शब्द वेचण्याची शक्ती मुलांत पौगंडावस्थेपर्यंत परिपक्व होत असते. आजोबांच्या संचाच्या सावलीत बसून पाढे म्हणणाऱ्या नातवाला बाईंचे बोलणे आठवत नाही, तर गृहपाठ काय आठवणार? आजोबांच्या खुर्चीशेजारचा तो लहान स्पीकर नातवासाठीही औषधच आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. आवाज वाढवणारा नातू स्वतःच असेल, संचाच्या दोन हातांवर जाऊन बसत असेल आणि शाळेतून "लक्ष देत नाही" अशी तक्रार येत असेल, तर सर्दीनंतर मधल्या कानात साचलेल्या द्रवाचा संशय घ्यावा. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कानात दुर्बिणीने पाहून व टिंपॅनोमेट्री करून निदान होते. बहुतेक मुलांत तीन महिन्यांत तो द्रव आपोआप ओसरतो. तोवर मुलाला वर्गात पुढच्या बाकावर बसवण्याची चिठ्ठी मी शाळेच्या नावे देतो, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीस बोलावतो.