फणीचे दात आणि उडत्या अक्षता

पिंपरी-चिंचवड महापालिकेची स्थापना आणि भारतातील रंगीत दूरचित्रवाणीचा आरंभ ही दोन्ही १९८२ची. त्यानंतरच्या दोन दशकांत, कारखान्यांतील नोकरीसाठी सातारा, सोलापूर, खानदेश, मराठवाड्यातून येऊन आकुर्डी, निगडी, भोसरीत स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांनी घरची लग्नकार्ये व्हीएचएस कॅसेटींवर चित्रित करून ठेवली. या कॅसेटी आता संगणकावर उतरवताना वरातीतल्या लेझीम खेळणाऱ्या हातांच्या कडांना फणीसारखे आडवे दात फुटलेले दिसतात आणि कॅसेट खराब झाली असा समज होतो. प्रत्यक्षात ते दात मूळ चित्रणपद्धतीचेच आहेत.

भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात, परंतु प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत नोंदले जाते: आधी एकाआड एक अशा २८८ रेघा, मग उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, आणि दोन फील्डमध्ये एक-पन्नासांश सेकंदाचे अंतर असते. जर्मनीत फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३०च्या सुमारास आणि अमेरिकेत रँडल बॅलार्ड यांनी १९३२मध्ये मांडलेल्या या इंटरलेसिंगच्या कल्पनेमुळे प्रक्षेपणाची पट्टी न रुंदावता पडद्यावरची लुकलुक कमी झाली. सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरणारा हात तेवढ्या अवधीत चार सेंटिमीटर सरकतो, म्हणून दोन्ही फील्ड एकत्र विणली की दात उमटतात.

ते काढण्याच्या प्रक्रियेला डीइंटरलेसिंग म्हणतात. नुसते विणणे स्थिर अंतरपाटासाठी निर्दोष असते. प्रत्येक फील्ड स्वतंत्रपणे ताणून पूर्ण चित्र केल्यास हालचाल सुरेख दिसते, पण पैठणीच्या काठावरच्या बारीक आडव्या रेषा थरथरू लागतात. म्हणून संगणक चित्राचा कोणता भाग हलतो हे तपासून, स्थिर भागी विणतो आणि हलत्या भागी ताणतो. या निवाड्याची खरी कसोटी अक्षता घेतात: दाणा इतका लहान आणि वेगवान असतो की तो एका फील्डमध्ये दिसून पुढच्या फील्डमध्ये नाहीसा होतो, आणि हालचाल ओळखणारी पद्धत नेमकी तेथे फसते.

बीबीसीच्या संशोधन विभागातील मार्टिन वेस्टन यांचा मार्ग म्हणूनच विशेष मनोवेधक वाटतो. त्यांनी हालचाल ओळखण्याचा प्रयत्नच टाळला. उभ्या दिशेचा ठळक आशय चालू फील्डमधून आणि बारीक तपशील मागच्या-पुढच्या फील्डमधून, ठरावीक प्रमाणात घेण्याची योजना केली. निवाडाच नसल्यामुळे चुकीच्या निवाड्याचा धक्काही बसत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमधील फिल्टरमध्ये ही योजना आजही चालते, तरी ती वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना वेस्टन यांचे नाव ठाऊक असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाहिरातींत हरवलेला तपशील परत मिळतो असे सांगितले जाते. हा दावा स्वीकारता येत नाही, कारण त्या क्षणी न नोंदलेली रेघ कोठेच अस्तित्वात नसते आणि यंत्र तेथे इतर चित्रांवरून शिकलेला अंदाज भरते. आजीच्या चेहऱ्याच्या बाबतीत असा अंदाज गंभीर आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरील सुट्या भागांचे चित्र दातेरी आले, तर पूर्ण चित्र एकदम टिपणारा कॅमेरा बसवून काम भागते. लग्न पुन्हा चित्रित होत नाही. त्यामुळे पाहण्यासाठी वेगळी प्रत करावी, मूळ धारिका दोन्ही फील्डसह तशीच ठेवावी, आणि आधीचे फील्ड वरच्या रेघेचे की खालच्या, हेही तिच्यासोबत लिहून ठेवावे, कारण हा क्रम उलटला की वरात दर पावलाला मागे-पुढे हिसके खाते.