नावाची चकती

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्या नगरच्या घरातून (आता अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच येतं) फराळाचे एकवीस डबे बाहेर पडतात. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू. अमेरिकन मराठी मिशननं इथं १८३१ मध्ये काम सुरू केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक याच शहरात राहिले आणि ख्रिस्ताला त्यांनी अभंगात आणलं. आमच्या नाताळाला तळणीचा वास येतो तो त्यामुळेच परका वाटत नाही.

पूर्वी मी डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायचे. एका वर्षी तुपाच्या हातांनी शाई फिसकटली आणि शेजारच्या काकूंसाठी वेगळा केलेला बिनसाखरेचा डबा भलत्याच घरी गेला. काकूंना मधुमेह आहे. त्यांच्या हातात साखरेच्या करंज्या पडल्या, हे मला फार लागलं. तेव्हापासून नावं मातीवर.

पहिल्यांदा आमच्या शेतातली काळी माती घेतली. सकाळपर्यंत प्रत्येक चकतीला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना तेवढीच आक्रसते. पिकाला ती सोन्यासारखी, चकतीला मात्र उपयोगाची नाही. आता गणपतीच्या दिवसांत शाडू जास्तीचा घेऊन ठेवते. भिजवताना त्यात थोडा पिंजलेला कापूस मिसळते, त्यानं माती धरून राहते. कणकेसारखी मळून, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटायची, भाकरीएवढी जाड. वाटीनं गोल पाडायचे किंवा करंजीच्या कातण्यानं नागमोडी कडा काढायची. दोऱ्याचं भोक आत्ताच पाडायचं आणि जरा मोठंच, कारण वाळताना तेही लहान होतं. कडुलिंबाचं पान उलटं दाबलं तर शिरा छान उमटतात, पानाच्या पाठीवरच्या शिरा जास्त उठावदार असतात म्हणून.

नाव कोरण्याची मात्र घाई करायची नाही. ओल्या मातीत काडी ओढली की कडेला माती उचलली जाते. दोन-तीन तासांनी चकती चामड्यासारखी घट्ट झाली की खराट्याच्या काडीनं लिहायचं. आणि शिरोरेषा खोल ओढायची नाही! मी सुरुवातीला पाटीवर ओढावी तशी ठसठशीत रेघ ओढत होते, आणि वाळल्यावर चकत्या बरोबर त्या रेघेवर मोडत होत्या. आता अक्षरं खोल, रेघ वरवर.

वाळवणं सावलीतच, तीन-चार दिवस, रोज उलटून. एकच बाजू आधी वाळली की चकती पापडासारखी वाकते. वर गेरूचा हात. सुतळी ओवून चकती डब्याच्या बाहेरच बांधायची, फराळाला माती लागता कामा नये. कच्चा शाडू पाण्यात विरघळतो, तेव्हा चकती ओल्या ओट्यावर ठेवू नका एवढं मी प्रत्येकाला सांगते.

ज्यांना ती जपून ठेवायची असते त्यांच्यासाठी कुंभाराकडून मळलेली माती आणते आणि त्यांच्याच भट्टीत भाजून घेते. चकती पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते. माठ घेताना आपण वाजवून बघतो ना, तशी मी भाजलेली प्रत्येक चकती नखानं वाजवते. माझं माहेर संगमनेरकडचं. तिथं प्रवरेकाठी जोर्वे गावात १९५० च्या सुमारास उत्खनन झालं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची तांबडी, काळ्या नक्षीची खापरं मिळाली. ती इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. आमच्या मुलुखात मातीचं काम एवढं जुनं आहे, हे कळल्यापासून भट्टीतून चकत्या काढताना माझा हात हळू चालतो.

मराठी घरात भांड्यांवर नाव घालतात ते भांडं आपल्याकडे परत यावं म्हणून. काकू डबा कधी रिकामा परत करत नाहीत. यंदा दिवाळीत त्यांच्या चिवड्याच्या डब्याला माझीच गेल्या नाताळची भाजलेली चकती बांधलेली होती. पुढच्या बाजूला त्यांचं नाव, मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पांढऱ्या रंगानं माझं लिहिलेलं.

या वर्षी त्यांच्यासाठी नवी चकती केलेली नाही. वीसच केल्या आहेत.