‘नेर’पदान्त ग्रामनामे आणि मानवी भूगोल

मानवी भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात वस्तीचा विचार प्रामुख्याने तिचे स्थान, पाणी, वाटा व उपजीविका या अंगांनी होतो. ग्रामनामाकडे मात्र बहुधा नकाशावरील एक खूण म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक नाव हा वस्तीविषयीचा एक जुना पुरावाच होय. मात्र तो वाचण्याचे नियम भाषाशास्त्राचे आहेत आणि पडताळण्याची साधने भूगोलाची. यांपैकी एकाचाच आधार घेतल्यास निष्कर्ष कसा फसवा ठरतो, हे महाराष्ट्रातील ‘नेर’पदान्त नावांवरून स्पष्ट होईल.

अमळनेर, जामनेर, पिंपळनेर, संगमनेर, पारनेर ही नावे पाहताच ‘नेर’ म्हणजे ‘नगर’ हे उत्तर सुचते. ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नाही. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोप पावला, त्या जागी ‘य’श्रुती आली आणि पुढे ‘अय’चा ‘ए’ झाला : नगर, नयर, नेर. या क्रमाला स्वतंत्र आधारही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या जोडीने तगर या व्यापारी नगराचा उल्लेख येतो. आज धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर हेच ते तगर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. तगरचे तेर झाले, त्या अर्थी नगरचे नेर होणे स्वाभाविकच ठरते.

तथापि प्रश्न येथे संपत नाही. जुन्नरच्या परिसरात ‘नेर’ हा शब्द नदीच्या खोऱ्यालाही लावतात. मीना नदीचे ते मीननेर, कुकडीचे ते कुकडनेर. येथे ‘नेर’ नगराचा वाचक नसून भूरूपाचा वाचक आहे. म्हणजे उच्चार एक, पण अर्थ दोन. पहिल्या अर्थाने ‘नेर’ हे बाजार, वाहतूक व सत्ता यांचे चिन्ह ठरते. दुसऱ्या अर्थाने ते केवळ पाणी व जमीन सुचविते. हा भेद न करता सर्व ‘नेर’ नकाशावर मांडून त्यांतून प्राचीन नगरांची साखळी काढणे म्हणजे खोऱ्यांना नगरे समजणे होय.

निर्णय कसा करावा? प्रथम नावाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने रूप शिलालेख, ताम्रपट व दप्तरांतून मिळवावे. नंतर स्थानिक उच्चार नोंदवावा; कारण दप्तरातील लेखन पुष्कळदा लेखनिकाने ‘शुद्ध’ केलेले असते. शेवटी प्रत्यक्ष स्थळ पाहावे. संगमनेर प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावर आहे, म्हणून नावाच्या पूर्वपदाचा उलगडा होतो. उत्तरपदाचा तेवढ्याने होत नाही. जुन्नर तर कुकडीच्या खोऱ्यातही आहे आणि नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरचे प्राचीन नगरही आहे. तेथे दोन्ही अर्थांना जागा आहे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. नाव भूमीला चिकटलेले असते हे गृहीतकही निरपवाद नाही. उजनी धरणाच्या जलाशयामुळे इंदापूर तालुक्यातील पळसदेव गाव स्थलांतरित झाले, ते आपले नाव घेऊन. जुने मंदिर पाण्यात राहिले आणि जलाशय ओसरला की आजही दिसू लागते. अशा नावांचे मूळ स्थळ व उच्चार जाणणारी पिढी हयात आहे तोवरच त्यांची नोंद होणे शक्य आहे. ग्रंथालयातील काम पुढे ढकलता येईल. क्षेत्रातील हे काम ढकलता येणार नाही.