जुना टॅब, नवं अपडेट: करावं की नको?

मैत्रिणींनो, 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा लेकीसाठी घेतलेला टॅब आमच्या शहापूरच्या घरात अजून चालतो. मुरबाडला शिकवायला जाताना मीही तोच नेते. परवा त्यावर सूचना आली, ‘नवी सिस्टिम आली आहे, अपडेट करा.’ बोट पुढं गेलं नि थबकलं. सासरे आता नाहीत. त्यांच्या आवाजातल्या गोष्टी फक्त त्या टॅबमध्येच होत्या!

तुमच्यावरही अशी वेळ आली, तर आधी फोटो, आवाज पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून घ्या. मग पाहा, अपडेट कसलं आहे? सुरक्षेचं छोटं असेल तर जरूर करा, त्यानं चोरवाटा बुजतात. अख्खी सिस्टिम बदलणार असेल तर टॅबमध्ये मोकळी जागा हवी. जुन्या टॅबला नवा भार झेपेलच असं नाही, आणि एकदा पुढं गेल्यावर मागं फिरणं सहसा जमत नाही. पण हवं ते ॲप जुन्या सिस्टिमवर चालेनासं झालं, तर इलाज नसतो. पावसात आपल्याकडे वीज जाते, म्हणून बॅटरी भरून घ्या.

मी गोष्टी उतरवल्या आणि मगच ‘हो’ म्हटलं. टॅब आता जरा दमानं चालतो; गोष्टी मात्र दोन ठिकाणी आहेत!